पलंग की हातोडे: युरोपातल्या ट्रकवाल्यांच्या चकतीची पार्श्वभूमी

युरोपात ट्रक चालवायला जायचं म्हणून हल्ली आपल्याकडची पोरं चौकशी करतात, तेव्हा पगार, व्हिसा, राहायची सोय सगळं विचारून झालं की शेवटी कधीतरी टॅकोचा, म्हणजे गाडी किती वेळ आणि किती वेगाने चालली याची नोंद ठेवणाऱ्या टॅकोग्राफ यंत्राचा, विषय निघतो आणि दोन मिनिटांत संपतो. कार्ड घालायचं, साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं, झालं. मुख्य नियम तेवढाच हे खरं. पण त्या कार्डाच्या आधी एक कागदी चकती होती आणि त्या चकतीवरून इतकी भांडणं झालीयेत की ती माहीत नसली तर आजचे नियम असे का आहेत हे काही कळत नाही. मी १९८२ ते १९९५ इंग्लंडात, केंटमध्ये, डोव्हर बंदरापासून फार लांब नाही अशा एका ट्रान्सपोर्ट कंपनीत या चकत्या तपासायच्या टेबलावर होते, त्यामुळे पुढचं सगळं त्या काळाकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगून ठेवते.

टॅकोग्राफ हे मुळात रेल्वेचं अपत्य. ट्रकवर ते आधी जर्मनांनी आणलं, पन्नासच्या दशकातच तिथे मोठ्या गाड्यांना सक्ती झाली. मग १९७० साली, तेव्हा सहाच देश असलेल्या युरोपियन समूहाने नियम काढला की टप्प्याटप्प्याने सगळ्यांनीच हे यंत्र बसवायचं. ब्रिटन १९७३ ला त्यात शिरलं तेव्हा हा नियम ताटात वाढूनच ठेवलेला होता.

यंत्र म्हणजे काय, तर स्पीडोमीटरच्याच डब्यात एक घड्याळ, आणि झाकण उघडलं की आत मेणाचा लेप दिलेली, साधारण हाताच्या पंजाएवढी गोल चकती बसवायची. चोवीस तासांत ती एक फेरा पूर्ण करते. तीन बारीक सुया मेण खरवडत जातात, एक वेग दाखवते, एक अंतर, आणि एक ड्रायव्हर काय करत होता ते. मधल्या गोलात ड्रायव्हरने स्वतःच्या हाताने नाव, निघाल्याचं गाव, पोचल्याचं गाव, तारीख, गाडीचा नंबर आणि सुरुवातीचे-शेवटचे किलोमीटर लिहायचे. नखाने ओरखडलं तरी काळी रेघ उमटायची, त्यामुळे माझ्या टेबलावर येणाऱ्या चकत्यांवर चहाच्या कपाचे गोल, डिझेलचे अंगठे, एकदा तर सॉसेजचा डाग, असं सगळं असायचं आणि भिंगाखाली धरून यातली रेघ सुईची कुठली आणि नखाची कुठली हे ठरवायचं. घड्याळाची तबकडी बारा तासांची आणि चकती चोवीस तासांची, म्हणून नवखा माणूस हमखास ती उलटी बसवायचा, म्हणजे दुपारी तीनला चालवलेली गाडी कागदावर पहाटे तीनला धावायची. हा गुन्हाच होता बरं का, दंड व्हायचा, आणि यात लबाडी मुळीच नसायची. लबाडीचे प्रकार वेगळे, फ्यूज काढून ठेवणं, सुई वाकवणं, मध्येच नवी चकती घालून दुसऱ्याच ड्रायव्हरचं नाव लिहिणं. ते ओळखायला मला वर्षभर लागलं.

ब्रिटनमध्ये तासांची मर्यादा नवी नव्हती. १९३० च्याच कायद्यात सलग साडेपाच तास आणि दिवसाला अकरा तास अशी अट होती, आणि तिची नोंद ड्रायव्हर वहीत करायचा. ती वही म्हणजे कादंबरीच. १९६८ च्या कायद्यात यंत्राची तरतूद आली तेव्हा युनियनने असा विरोध केला की ती कागदावरच राहिली. 'केबिनमधला हेर' हे नाव पडलं ते कायमचं. पुढे सरकारने मधला मार्ग काढला, की ज्याला बसवायचं त्याने बसवावं. त्यावर युरोपच्या आयोगाने सरळ कोर्टात नेलं. ब्रिटनचं म्हणणं होतं की खर्च फार आहे, लोक चिडलेत, संप होतील. आणि हे नुसतं भय दाखवणं नव्हतं, कारण जानेवारी १९७९ मध्ये ट्रक ड्रायव्हरांचा संप झालाच होता, पगारासाठी, आणि बंदरं ठप्प झाली होती. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ७ फेब्रुवारी १९७९ ला निकाल लागला की देशातल्या अडचणी सांगून नियम टाळता येणार नाही, ऐच्छिक वगैरे चालणार नाही. १९८१ संपता संपता सक्ती पूर्ण झाली, आणि दोन महिन्यांनी मला नोकरी लागली, कारण त्या चकत्या कुणीतरी वाचायला हव्या होत्या आणि ट्रॅफिक ऑफिसातल्या एकाही पुरुषाला ते काम नको होतं!

आता मुख्य भानगड. ती सुई जी ड्रायव्हर काय करतोय ते दाखवते, तिच्यासाठी यंत्रावर एक फिरवायचं बटण असायचं आणि त्यावर चिन्हं. स्टिअरिंगचं चाक म्हणजे चालवतोय. फुलीसारखे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे दुसरं काम, माल चढवणं-उतरवणं, गाडी तपासणं वगैरे. पलंग म्हणजे विश्रांती. आणि चौथं, तिरकी रेघ मारलेला चौकोन, म्हणजे हजर आहे, पण काम नाही. वाचताना सोपं वाटतं. पण कस्टमच्या रांगेत उभा असलेला माणूस नक्की कशात मोडतो?

आपल्याकडे ज्यांनी मुलुंडचा किंवा आणखी कुठला जकात नाका बघितलाय त्यांना रांग म्हणजे काय ते सांगायला नको. फरक एवढाच की तिथे दर देशाच्या वेशीवर असा नाका, आणि कागद वेगळे. रांगेत ड्रायव्हर झोपू शकत नाही, कारण दर वीस मिनिटांनी पुढची गाडी तीस फूट सरकते आणि मागचा हॉर्न मारतो. तीस फूट सरकलं की सुईने लगेच टोक काढलं, चालवलं म्हणून. म्हणजे सहा तास रांगेत काढले तर चकतीवर पलंगाची रेघ आणि तिला काट्यासारखी टोकं. पलंग धरला तर तपासणारा म्हणणार ही विश्रांती कुठली, सलग कुठे आहे? हातोडे धरले तर दिवसाचे तास फुकट संपले, पलीकडे गेल्यावर लगेच गाडी उभी करायची आणि माल उशिरा. चौकोन धरला तर काय, हे प्रत्येक देशात वेगळं. १९८५ च्या नव्या नियमात (लागू झाला सप्टेंबर १९८६ ला) विश्रांतीची व्याख्या दिली ती अशी की किमान तासभर सलग, आणि तो वेळ ड्रायव्हर स्वतःच्या मर्जीने घालवू शकला पाहिजे. मग रांगेतला वेळ कुणाच्या मर्जीचा, हे सांगायला वकील कशाला. पण त्याच नियमांच्या जोडीत टॅकोच्या नियमात सदस्य देशांना मुभा ठेवली की आपल्या नोंदणीच्या गाड्यांना हातोडे आणि चौकोन हे दोन्ही हातोड्यांच्याच चिन्हाखाली नोंदवू द्यावं. झालं, एकाच रांगेतल्या दोन देशांच्या दोन गाड्यांची चकती एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायला लागली.

आणि यात पैसा होता, हे विसरू नका. आमच्याकडे युरोपच्या खेपांना खेपेवारी पैसे होते, तासावारी नाही. म्हणजे रांगेचे तास कंपनीला फुकट. जुन्या वहीत ते तास दिसतच नव्हते, ड्रायव्हर रात्री जागून वेळ भरून काढायचा आणि वहीत आठ तास झोपला लिहायचा. चकतीमुळे पहिल्यांदा ते तास डोळ्यांना दिसायला लागले. ज्या युनियनने हेर म्हणून आरडाओरड केली, तिचीच माणसं दोन-चार वर्षांत चकत्यांचे गठ्ठे घेऊन मॅनेजरपुढे बसायला लागली की हे बघा, एवढे तास उभे होतो, याचं काय. मॅनेजरचं म्हणणं ठरलेलं असायचं, बटण पलंगावर आहे ना, मग झोपला होतास. माझं मत विचाराल तर मी ड्रायव्हरांच्या बाजूने होते आणि आजही आहे, फक्त तेव्हा ते बोलायची माझी पायरी नव्हती.

फेब्रुवारी १९८४ मधल्या सहा चकत्या मला अजून आठवतात. इटलीच्या कस्टमवाल्यांनी कामाचा वेग मुद्दाम कमी केला, आल्प्समध्ये गाड्यांच्या रांगा लागल्या, फ्रेंच ट्रकवाले वैतागले आणि त्यांनी रस्तेच अडवले, बघता बघता सगळ्या फ्रान्सभर. आमची एक गाडी मशीनचे सुटे भाग घेऊन तूरिनला चालली होती, ती माँ ब्लाँ बोगद्याच्या अलीकडच्या खोऱ्यात अडकली. रोज एक चकती बदलायची हे त्या ड्रायव्हरने इमानाने पाळलं. निघाल्याचं गाव आणि पोचल्याचं गाव एकच, किलोमीटर एकदा तीन, एकदा शून्य, एकदा एक. वेगाची सुई तळाशी नुसती बारीक वर्तुळ काढत गेलेली, कंपासने काढल्यासारखं. पहिले दोन दिवस हातोडे, तिसऱ्या दिवशी चौकोन, पुढे पलंग, आणि सहाव्या चकतीवर दर तासाला बटण फिरवलेलं, पाळीपाळीने सगळी चिन्हं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं की यातलं जे कंपनीला स्वस्त पडेल ते धरावं. मी ती मॅनेजरला दाखवली नाही, गठ्ठ्यात मध्ये सरकवून दिली. चकत्या किमान वर्षभर ठेवाव्या लागायच्या, तेवढं वर्ष मात्र मला धाकधूक होती.

त्या नाकेबंदीचा परिणाम मोठा झाला, एवढा की लोकांना तो जोडच माहीत नसतो. त्याच वर्षी जुलैत फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने सारब्रुकेनला करार केला की आपसातल्या वेशीवरची तपासणी कमी करत जायची, मग बेल्जियम, नेदरलँड, लक्झेंबर्ग त्यात आले आणि १४ जून १९८५ ला शेंगेनचा करार झाला. आज आपण एका व्हिसावर पॅरिस ते प्राग हिंडतो त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी थंडीत अडकलेले ट्रकवाले आहेत. पर्यटनवाले हे कधी सांगत नाहीत.

१९८८ च्या जानेवारीत निरनिराळ्या कस्टम फॉर्मांच्या जागी एकच फॉर्म आला, आणि १ जानेवारी १९९३ ला सदस्य देशांमधलं कस्टमच गेलं. डोव्हरला क्लिअरिंगचं काम करणाऱ्या कितीतरी लोकांची कामं एका रात्रीत गेली. आमच्याच ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरची बाई, जी पंधरा वर्षं ट्रान्झिटचे कागद टाइप करत होती, तिला नाताळच्या आधी केक आणि पाकीट देऊन निरोप दिला. माझं टेबल राहिलं. चकत्या स्वच्छ यायला लागल्या, काटे गेले, आणि खरं सांगायचं तर कामात काही राम उरला नाही.

रांगा गेल्या म्हणून प्रश्नही गेला, असं मात्र झालं नाही. २००२ च्या कामाच्या वेळेच्या निर्देशात, जो २००५ पासून लागू झाला, त्या चौकोनाला शेवटी नीट व्याख्या मिळाली. त्यात वेशीवरचं थांबणं अगदी नाव घेऊन घातलंय, ते काम नाही, हजेरी. अट मात्र अशी, की किती वेळ थांबायचंय हे ड्रायव्हरला आधी माहीत हवं. वेशीवर किती वेळ लागणार हे आधी कोणाला माहीत असतं हो? लिहिणारा कधी रांगेत उभा राहिलेला नसणार.

मे २००६ पासून नव्या गाड्यांना डिजिटल टॅको आला, चकती मागे पडली, मी त्याआधीच सुटले होते. पण २०२० च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये कोविडचा नवा प्रकार सापडला म्हणून फ्रान्सने ४८ तास वाट बंद केली, आणि ब्रेक्झिटमुळे नव्या वर्षापासून कस्टम परत यायचंच होतं, तेव्हा आमच्या केंटमध्येच मॅनस्टनच्या जुन्या विमानतळावर हजारो गाड्या उभ्या करून ठेवल्या. ग्रेव्हसेंडच्या गुरुद्वारातून एम ट्वेंटी महामार्गावर अडकलेल्यांना गरम जेवण गेलं. टीव्हीवर सगळे विचारत होते खाणं मिळालं का, शौचालय आहे का, बरोबरच आहे. माझ्या मनात मात्र पहिलं आलं की आत्ता यांचं बटण कशावर आहे.

शेजारचा एक मुलगा त्या गर्दीत होता, नंतर भेटला तेव्हा विचारलंच. तो म्हणाला आता फिरवायचं काही नसतं, गाडी हलली की यंत्र आपोआप चाक धरतं. आणि थांबली की? थांबली की आपोआप हातोडे. पलंग हवा असेल तर आपण दाबायचा, आणि तिसऱ्या दिवशी तो दाबायचं विसरला म्हणून त्याला ऑफिसातून फोन आला होता.