वर्गाची वेबसाइट : बांधणारा एक, जागा दुसऱ्याची

अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांनी आपल्या कामाचा पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामाचा संग्रह, इंटरनेटवर ठेवावा, असा दंडक होता. त्या दंडकातून तिथल्या डेव्हिड रुसेन्को, ख्रिस फॅनिनी आणि डॅन वेल्ट्री या तिघांना एक साधन सुचलं : मजकूर, फोटो, शीर्षक हे तुकडे माउसने ओढून पानावर टाकायचे, कोड लिहायचा नाही. २००६ मध्ये उभं राहिलेलं हे साधन म्हणजे वीब्ली. २००९ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी वेगळी आवृत्ती काढली. तिच्यात शिक्षकच मुलांची खाती उघडत आणि चाळीस मुलांपर्यंत ते फुकट असे. पुढे २०१८ मध्ये स्क्वेअर या पैशांच्या देवघेवीचं तंत्रज्ञान बनवणाऱ्या कंपनीने ३६.५ कोटी डॉलरना वीब्ली घेतली आणि तिचा कल दुकानदारांकडे वळला. वर्गासाठी सुचलेलं साधन दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातं, हे या क्षेत्रात वारंवार घडलं आहे.

त्याआधीची पिढी जिओसिटीजची. लोकांना साइट ठेवायला जागा देणाऱ्या, १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत सगळ्या साइट ‘वस्त्यां’मध्ये विभागलेल्या असत, शिक्षण आणि तत्त्वज्ञानाच्या वस्तीचं नाव होतं अथेन्स. शिक्षक पानं घरच्या संगणकावर फ्रंटपेज या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राममध्ये बनवत आणि जिओसिटीजच्या सर्व्हरवर चढवत. तिथे दोन चुका हमखास होत. चित्राचा मार्ग स्वतःच्या सी ड्राइव्हचाच राहायचा, म्हणून बनवणाऱ्याला चित्र दिसायचं आणि इतरांना रिकामी चौकट. दुसरी चूक फाइलच्या नावातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांची : विंडोजला तो फरक चालतो, युनिक्स सर्व्हरला चालत नाही. शिवाय फ्रंटपेजमधले भेटींचे आकडे आणि फॉर्म चालायला सर्व्हरवर मायक्रोसॉफ्टची खास जोडणी लागे. ती नसली की नुसतं पान उरायचं. १९९९ मध्ये याहूने जिओसिटीज घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. मुलांच्या गटांनी बनवलेल्या शैक्षणिक साइटची थिंकक्वेस्ट स्पर्धा १९९६ पासून चालू होती. तिचा संग्रहही २०१३ मध्ये ओरॅकलच्या प्रतिष्ठानाने बंद केला.

मराठीत याच काळात आणखी एक अडचण होती, आणि ती कोणत्याही कंपनीच्या निर्णयापेक्षा जास्त नुकसान करून गेली. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी अक्षरांचाच असतो. वाचणाऱ्याकडे तोच फॉन्ट नसला तर पानावर नुसती निरर्थक रोमन अक्षरं दिसत आणि शोधयंत्राला त्यातला एक शब्दही सापडत नसे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पण शाळांच्या संगणकांवर ती पोचली विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर आलेल्या मंगल फॉन्टमुळे. आजही जुन्या प्रश्नपत्रिकेतला मजकूर नव्या साइटवर चिकटवला की हाच घोळ होतो. आधी तो फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावा लागतो, आणि मग रफार व जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावीच लागतात.

२००५ च्या आसपास शाळांमध्ये विकी, म्हणजे अनेकांना मिळून लिहिता-बदलता येणारी पानं, आली. विकीस्पेसेस शाळांना फुकट होतं. एकाच पानावर पाच मुलं लिहीत आणि कोणी काय लिहिलं हे इतिहासात दिसे. गुणदानासाठी याहून सोयीचं साधन नंतर क्वचितच मिळालं. तरी २०१८ मध्ये तेही बंद झालं. त्याच सुमाराचं न्यूझीलंडमधलं माहारा हे पोर्टफोलिओचं साधन टिकलं, कारण ते मुक्त-स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला आहे, आणि विद्यापीठाला स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं. अर्थात तो सर्व्हर सांभाळणारा माणूसही ठेवावा लागतो.

महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांनी निवडलं ते गूगलचं ब्लॉगर. फुकट, मोबाइलवरून चालणारं, युनिकोड मराठी बिनबोभाट घेणारं. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रुळला आणि शासन निर्णय, पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, कृतिपत्रिका यांचे ब्लॉग भराभर निघाले. यातले बरेच ब्लॉग म्हणजे गूगल ड्राइव्हवर ठेवलेल्या फाइलींच्या लिंकांची यादीच. म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये गूगलने ड्राइव्हच्या जुन्या लिंकांना सुरक्षेची किल्ली जोडली, तेव्हा काही फाइलींवर नव्या वाचकाला ‘परवानगी मागा’ असा फलक दिसू लागला.

गूगलचं साइट बनवायचं साधन, गूगल साइट्स, २००८ मध्ये आलं. जुन्या आवृत्तीत तारखेनुसार सूचनांचं पान, फाइलींचं कपाट, प्रतिक्रिया अशी सोय होती. २०१६ च्या नव्या आवृत्तीत ती नाही. दरम्यान ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलचं क्लासरूम आलं आणि गृहपाठ तिकडे गेला. साइटकडे उरला पोर्टफोलिओ. ही वाटणी योग्यच झाली, असं आमचं मत. पण शाळेच्या खात्यावर बनवलेल्या साइटच्या पत्त्यातच शाळेचं डोमेन असतं. मूल शाळा सोडतं, खातं मिटवलं जातं आणि साइटही जाते. यावर उत्तर म्हणून अमेरिकेतल्या मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३ मध्ये विद्यार्थ्यांना स्वतःचं डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) द्यायला सुरुवात केली. पदवीनंतर ते सोबत नेता येतं, मात्र खर्च ज्याचा त्याने करायचा.

गूगल साइट्सवर राहायचं असेल तर दहावीचं वर्ष संपायच्या आधी साइटमध्ये वैयक्तिक खातं संपादक म्हणून जोडावं आणि त्या खात्यातून प्रत काढावी. प्रतीचा पत्ता बदलतो, त्यामुळे बायोडेटावर किंवा क्यूआर कोडमध्ये जुना पत्ता दिला असेल तर तोही बदलावा लागतो. साइटवर दाखवलेल्या ड्राइव्हमधल्या फाइलींची परवानगी साइटपासून वेगळी असते. त्या फाइली वैयक्तिक ड्राइव्हवर नेऊन पानावर नव्याने बसवाव्यात आणि सगळं इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे कोणत्याही खात्यात लॉग-इन नसताना, उघडून पाहावं. शाळेने बाहेरच्या खात्यांना मज्जाव केला असेल तर टेकआउट या गूगलच्या माहिती उतरवून देणाऱ्या सेवेतून ड्राइव्ह उतरवून घ्यावा. साइट एचटीएमएलच्या रूपात मिळते. पानांची नावं पत्त्यात इंग्रजी अक्षरांतच ठेवावीत. देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा पत्त्यात नऊ चिन्हांची होते; नुसतं ‘गणित’ (तीन अक्षरं आणि एक मात्रा) लिहिलं तरी छत्तीस.