नाणी निवडण्याची व मोजण्याची आद्य यंत्रे

मिसळलेल्या नाण्यांतून मूल्यानुसार किंवा वजनानुसार नाणी वेगळी काढणारी, तसेच एका जातीची नाणी संख्येने मोजून देणारी यांत्रिक साधने. आज ही दोन्ही कामे एकाच यंत्रात होतात, म्हणून त्यांचा इतिहासही एकत्र सांगण्याची प्रथा आहे. वास्तविक वजनावरून निवड, व्यासावरून निवड आणि मोजणी या तीन क्रियांचे उगम निरनिराळ्या ठिकाणी व निरनिराळ्या गरजांतून झाले. पहिली गरज सोन्याच्या नाण्यांची होती, दुसरी चिल्लरीची आणि तिसरी टाकसाळींची. प्रस्तुत नोंदीत विजेच्या संवेदकांवर चालणारी यंत्रे घेतलेली नाहीत.

आद्यत्वाचा मान कोणाला द्यायचा, याविषयी एकमत नाही. काही लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या ग्रीक यंत्रज्ञाने वर्णिलेल्या तीर्थपात्रापासून सुरुवात करतात. त्यात पाच द्राख्मांचे नाणे टाकले की ते दांडीच्या टोकावरील चकतीवर पडे, दांडी कलून झडप उघडे व थोडे पाणी बाहेर येई. नाणे घसरून पडले की झडप पुन्हा मिटे. मात्र हे पात्र नाणे निवडत नव्हते आणि मोजतही नव्हते. तेवढ्याच वजनाचा खडा टाकला असता तरी पाणी आलेच असते. त्यामुळे ते विक्रीयंत्रांच्या वंशावळीत घालणे अधिक योग्य, निवडयंत्रांच्या नव्हे.

यंत्राने नाणी निवडण्यासाठी आधी नाणीच एकसारखी असावी लागतात. हाताने हातोडा मारून पाडलेल्या नाण्यांत वजन जवळपास नेमके असले, तरी आकार, जाडी व कड यांत नाण्यागणिक फरक पडे. मराठी मुलखात अठराव्या शतकात व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशी, चांदवडी, हाली सिक्का असे अनेक रुपये एकाच बाजारात चालत. त्यांचे आकारमान साधारण सारखे असले तरी चांदीचा कस व बाजारातला भाव वेगळा असे, आणि एका रुपयाऐवजी दुसरा घेताना बट्टा द्यावा लागे. ही निवड सराफ आणि पोतदार करीत. सराफ रुपया अंगठ्याच्या नखावरून उडवून त्याचा नाद ऐके, कडेवरून बोट फिरवी, ठशाची अक्षरे पाही आणि कित्येकदा आपल्या खुणेचा बारीक ठसा त्यावर मारी. हे काम वजनकाट्याने किंवा चाळणीने होण्यासारखे नव्हते. निवडयंत्रांच्या इतिहासात हा भाग सहसा येत नाही. तो आला पाहिजे, कारण यंत्र उशिरा का आले याचे उत्तर त्यात आहे.

नाण्यांना हे एकसारखेपण वाफेवर चालणाऱ्या छापयंत्रांनी दिले. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे मॅथ्यू बोल्टन यांनी १७८८ च्या सुमारास अशी यंत्रे उभारली. ठसा उमटताना चकती एका पोलादी कड्यात घट्ट बसवलेली असल्याने तिचा व्यास ठरल्याहून वाढत नसे. बोल्टन यांनी १७९७ मध्ये पाडलेला तांब्याचा पेनी बरोबर एक औंसाचा व दोन पेन्सचे नाणे दोन औंसांचे होते. मुंबईच्या टाकसाळीचे बांधकाम १८२४ मध्ये सुरू झाले आणि तिच्यासाठी वाफेची यंत्रसामग्री इंग्लंडहून आली. पुढे १८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया १८० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) वजनाचा व ११/१२ कसाचा ठरला आणि सराफाच्या बट्ट्याचा पाया ढासळू लागला.

वजनावरून निवड : या शाखेचे सर्वांत परिचित यंत्र म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर विल्यम कॉटन (१७८६–१८६६) यांचा, सॉव्हरिन म्हणजे एक पौंडाचे इंग्रजी सोन्याचे नाणे तोलणारा स्वयंचलित काटा. त्याचे साल कोणी १८४२ देतात, तर कोणी त्यानंतरचे एखादे. कॉटन १८४२ ते १८४५ या काळात गव्हर्नर होते आणि हलक्या सोन्याच्या नाण्यांविषयीची राजघोषणाही १८४२ मधलीच आहे. तेव्हा कल्पना १८४२ ची आणि यंत्र नित्याच्या वापरात येणे त्यानंतरचे, असे मानण्यास हरकत नाही.

यामागचा प्रश्न असा होता : नव्या सॉव्हरिनचे वजन १२३.२७ ग्रेन असे. हातोहाती झिजून ते १२२.५ ग्रेनच्या खाली गेले की नाणे कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे पाऊण ग्रेनहून किंचित अधिक, सुमारे ५० मिलिग्रॅम, एवढ्या फरकावर नाण्याचे भवितव्य ठरे. बँकेत रोज हजारोंनी येणाऱ्या नाण्यांतून हा फरक हातकाट्याने शोधणे कष्टाचे होते, आणि दिवस कलला की तोलणाऱ्याचा डोळाही थकत असे.

कॉटन यांच्या काट्यात सॉव्हरिनची चळत एका तिरप्या पन्हळीत ठेवीत. यंत्राची पट्टी सर्वांत खालचे नाणे पुढे ढकलून एका लहानशा पाटावर आणी. हा पाट तराजूच्या दांडीच्या एका टोकावर असे आणि दुसऱ्या टोकाला किमान चालू वजनाचे माप असे. नाणे पुरेसे जड असेल तर पाट किंचित खाली बसे. हलके असेल तर वरच राही. पाटाच्या दोन बाजूंना एकमेकांशी काटकोनात दोन खिट्ट्या होत्या, एक जरा वरच्या पातळीवर आणि दुसरी जरा खालच्या. वरची खिट्टी आधी पुढे येई. नाणे हलके असले तर ती त्याच्या कडेवर आदळून त्याला एका पेटीत लोटी. नाणे पुऱ्या वजनाचे असले तर ती त्याच्या डोक्यावरून रिकामी निघून जाई आणि मग खालची खिट्टी त्याला दुसऱ्या पेटीत पाडी. नाण्याला माणसाचा हात लागत नसे. तोलणाऱ्याने चळत भरायची आणि पेट्या रिकाम्या करायच्या, एवढेच काम उरले. १८५० च्या सुमारास लंडनच्या एका वर्णनात बँकेच्या तोलखान्यात अशी सहा यंत्रे व त्यांवर तीन माणसे असल्याचे म्हटले आहे. पुऱ्या वजनाची नाणी उजव्या पेटीत व हलकी डाव्या पेटीत पडत. चांगली नाणी हजार-हजारांच्या थैल्यांत भरीत, तर हलकी नाणी यंत्राने कापून टाकसाळीकडे परत पाठवीत.

या काट्याच्या अचूकपणाविषयी दोन परस्परविरोधी आकडे पूर्वीच्या संदर्भग्रंथांतून चालत आले आहेत. एका परंपरेनुसार तो ग्रेनचा दहा हजारावा भाग ओळखे, तर समकालीन वर्णनांत शंभरावा भाग म्हटले आहे. ग्रेनचा दहा हजारावा भाग म्हणजे ०.००६५ मिलिग्रॅम. मिनिटाला सुमारे २३ नाणी तोलणाऱ्या, दर फेरीला हादरणाऱ्या यंत्राकडून ही अपेक्षा करणे कठीण आहे. शंभरावा भाग, म्हणजे ०.६५ मिलिग्रॅम, कामाला पुरेसा होता आणि तोच आकडा अधिक विश्वसनीय दिसतो. दहा हजारावा भाग हा कदाचित बाजूला ठेवलेल्या, स्थिर अवस्थेतील दांडीच्या संवेदनक्षमतेचा आकडा असावा.

टाकसाळीची गरज याहून वेगळी होती. बँकेला फक्त हलकी नाणी वेगळी काढायची होती, तर टाकसाळीला जडही. कारण जड नाणे बाहेर गेले तर सोने वाया जाई आणि असे नाणे कोणी वेचून वितळवण्याची शक्यता असे. म्हणून लंडनच्या रॉयल मिंटमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जे काटे बसवले गेले, ते चकत्या तीन वाटांना लावीत : हलक्या, जड आणि वजनात मान्य असलेल्या फरकाच्या, म्हणजे सूट दिलेल्या, मर्यादेतील. १८७० च्या कायद्याने सॉव्हरिनला ०.२ ग्रेनची सूट होती. हे काटे लॅम्बेथ येथील नेपियर यांच्या कारखान्यात तयार झाले. चकती पाटावर येत असताना एक चिमटा दांडीला धरून ठेवी, मग सोडी आणि दांडी स्थिरावल्यावर पुन्हा धरी. त्या क्षणी दांडी कोणत्या पातळीवर आहे, त्यानुसार खालची पन्हळ तीनपैकी एका खान्याकडे वळे. तोलणे व ढकलणे या दोन क्रिया येथे वेगळ्या केल्याने धक्क्याचा परिणाम वजनावर होत नसे. कॉटन यांच्या रचनेवरची ही खरी सुधारणा होय. फ्रान्समध्ये बॅरन सेगिए यांचा आणि ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या सेस यांच्या कारखान्याचा असे दोन स्वतंत्र प्रकार निघाले.

एवढे काटे असूनही झिजलेली नाणी बाजारातून हटली नाहीत. अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६८ मध्ये केलेल्या पाहणीत चालू सॉव्हरिनपैकी ३१.५ टक्के आणि अर्ध्या सॉव्हरिनपैकी जवळजवळ निम्मी नाणी कायद्याच्या मर्यादेखाली आढळली. हलके नाणे बँक ऑफ इंग्लंडकडे नेणाऱ्यालाच तोटा सोसावा लागे, म्हणून इतर बँका व व्यापारी ते तिकडे नेतच नसत. काटा उत्तम होता, पण निवडायला हवी होती ती नाणी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. सरकारने तोटा स्वतः सोसून जुने सोने परत घेण्यास आरंभ केला तो १८८९ व १८९१ च्या कायद्यांनंतर.

मोजणी : मोजणीचे सर्वांत साधे साधन फळी हे आहे. त्रावणकोरात चक्रम व पणम ही चांदीसोन्याची अगदी बारीक नाणी मोजण्यासाठी लाकडी फळी वापरीत. तिच्यावर नाण्याच्या मापाचे उथळ खळगे ओळीने कोरलेले असत. मूठभर नाणी टाकून फळी हलवली की प्रत्येक खळग्यात एकेक नाणे बसे. वरची जादा नाणी तळव्याने सारली की ठरावीक संख्या हाती येई. चक्रम इतके लहान होते की इंग्रजी रुपयाला साडेअठ्ठावीस पडत, आणि बोटांनी ते एकेक उचलणे फार वेळखाऊ होते. अमेरिकेच्या टाकसाळींतील मोजणीफळी वेगळ्या घडणीची होती. उतरत्या फळीवर नाण्याच्या रुंदीइतक्या अंतराने धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असत. नाणी ओतून फळी हलवली की पन्हळी भरत व उरलेली नाणी खाली घसरत. तिचे श्रेय बहुधा न्यू ऑर्लीन्स टाकसाळीतील रूफस टायलर यांना दिले जाते. या दोन फळ्यांत परस्परसंबंध जोडण्यास आधार नाही. सारखी अडचण, सारखा तोडगा, एवढेच म्हणता येते. या फळ्यांना यंत्र म्हणावे का, हा प्रश्न आहेच; पण संख्या मोजणाऱ्याच्या मनातून काढून वस्तूच्या घडणीत घालण्याची कल्पना त्यांतच प्रथम स्पष्ट दिसते.

नाणी एका वजनाची असली की तोलणे म्हणजेच मोजणे. हिंदुस्थानात हे फार सोपे होते. १८३३ च्या बंगालच्या विनियमाने तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा ठरला. रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणून ८० रुपयांचा एक शेर व ३,२०० रुपयांचा एक मण असे सरळ गणित होते. मुंबईचा शेर वेगळा असला, तरी रुपयाचा तोळा इकडेही किराणा दुकानापासून सोनाराच्या काट्यापर्यंत वजन म्हणून चाले.

व्यासावरून निवड : चिल्लरीचा प्रश्न शहरी वाहतूक व बँका यांनी निर्माण केला. ट्रामच्या भाड्यासाठी काचेच्या पेटीत नाणे टाकण्याची पद्धत अमेरिकेत रूढ करणाऱ्यांत, पुढे क्लीव्हलंडचे महापौर झालेले टॉम जॉन्सन यांचे नाव येते. विस्कॉन्सिनमधील वॉटरटाउन येथील बँक कर्मचारी एडवर्ड ब्रँट यांचे, कळ दाबताच नेमकी रक्कम सोडणारे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. निवडयंत्रांत दोन रचना दिसतात. पहिली चाळण्यांची : एकाखाली एक ठेवलेल्या, क्रमाने बारीक होत जाणाऱ्या छिद्रांच्या ताटल्या. दुसरी रुळाची : नाणे कडेवर उभे राहून उतारावरून घरंगळते आणि वाटेतील खाचांतून लहान नाणे आधी, मोठे नंतर पडते. यंत्राला दिसतो तो व्यास, किंमत नव्हे. म्हणून अमेरिकेत दहा सेंटचे डाइम (१७.९ मिमी.) एका सेंटच्या नाण्याच्याही (१९.०५ मिमी.) आधी गळते. इंग्लंडात १८८७ चे सहा पेन्सचे नाणे अर्ध्या सॉव्हरिनएवढेच होते व त्याचे चित्रही मिळतेजुळते होते, तेव्हा त्यावर सोन्याचा मुलामा देऊन ते खपवले जाऊ लागले आणि ती छाप मागे घ्यावी लागली. व्यासाची चाळणी येथे फसली असती. काटा फसला नसता, कारण अर्धा सॉव्हरिन सुमारे ४ ग्रॅमचा व सहा पेन्स २.८३ ग्रॅमचे.

विसाव्या शतकात फिरत्या चकतीची रचना सर्वत्र पसरली. नरसाळ्यातून चकतीवर पडलेली नाणी वेगाने कडेकडे फेकली जातात, एका नाण्याच्या जाडीच्या फटीतून एकेरी रांगेत बाहेर पडतात आणि प्रत्येक नाणे जाताना दातेरी चाक एक घर पुढे सरकवते. जपानमध्ये हिमेजी येथील ग्लोरी कंपनीने १९५० मध्ये तेथील पहिले देशी नाणेमोजणी यंत्र तयार केले.

भारतीय चिल्लर या रचनेला फारशी सोयीची नव्हती. १९०७ पासून आणा नागमोडी कडेचा झाला. १९१८ पासून दोन आणे चौकोनी आले. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली तेव्हा पाच नव्या पैशांचे नाणे चौकोनी, तर दोन व दहा नव्या पैशांची नागमोडी होती. हे आकार अंधाऱ्या दुकानात किंवा निरक्षर माणसाच्या हातात बोटांना चटकन ओळखता येत, आणि तीच त्यांची उपयुक्तता होती. घरंगळणाऱ्या रुळाला मात्र चौकोनी नाणे अडते. २५ पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाल्यावर हा अडथळा बराचसा सरला. पण त्याच वर्षीच्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे २५ मिमी. व्यासाचे, ४.८५ ग्रॅम वजनाचे व पोलादी आहे, आणि १९९२ पासून चालत असलेले एक रुपयाचे पोलादी नाणेही २५ मिमी. व ४.८५ ग्रॅमचेच. ही दोन नाणी चाळणीतून एकाच खान्यात पडतात आणि काट्यावर सारखीच तोलली जातात. देवस्थानच्या दानपेटीतील रास पटावर ओतली की ती अंकाकडे पाहून हातानेच वेगळी करावी लागतात.