घटप्रभेचा नकाशा कुठे तुटतो

घटप्रभा चंदगडच्या बाजूच्या सह्याद्रीतून निघते. वर फाटकवाडीचे धरण महाराष्ट्राचे, खाली हुक्केरी तालुक्यातले हिडकल कर्नाटकाचे. १९५६ पर्यंत चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढे वगळून कोल्हापूरला जोडले. ही रेषा इकडच्या मराठी माणसाला आजही मान्य नाही, पण तो विषय वेगळा. पाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की ती पाणलोटाच्या मधून गेली. हिरण्यकेशी, दूधगंगा, वेदगंगा यांचेही तेच: पाऊस आजरा-राधानगरीच्या डोंगरात, पूर संकेश्वर-निपाणीकडे. खानापूर तालुक्यातली म्हादई तर उलट्या दिशेने गोव्याला जाते.

या भागात पाण्याची पद्धतशीर नोंद झाली ती शेतसारा ठरवण्यासाठी. १८४० च्या दशकात विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली दक्षिण मराठा मुलखाची मोजणी सुरू झाली. साखळीने शेते मोजली, सर्व्हे नंबर पडले, जमिनीचा कस ठरला आणि जमीन जिरायत, मोटस्थळ की पाटस्थळ हेही लिहिले गेले. विहीर कुणाच्या शेतात, पाट कुठून जातो, हे त्या गावनकाशांत आणि दप्तरात सापडते. मात्र गावनकाशा शिवेवर संपतो. ओढा पुढे कुठे जातो याच्याशी साऱ्याला देणेघेणे नव्हते.

ती उणीव सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटांनी, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशांनी, भरून काढली. बेळगाव-खानापूरचा भाग ४८ आय या क्रमांकात येतो, निपाणी-चिकोडी ४७ एल मध्ये. सारखी उंची जोडणाऱ्या समोच्च रेषा पाहून पाणलोटाची कड ट्रेसिंग पेपरवर हाताने काढायची, प्लॅनिमीटर फिरवून क्षेत्रफळ घ्यायचे आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींशी गुणाकार करायचा. हिडकल आणि मलप्रभेवरचे नविलतीर्थ ही धरणे त्या काळातली. १९६९ साली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादानेही काम केले ते मुख्यतः नदीवरच्या मोजमाप केंद्रांचे आकडे हाताशी धरून. बच्छावत यांच्या त्या लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्रला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले. ओलिताखाली प्रत्यक्षात किती एकर आहे यावर तिन्ही राज्यांचे कागद वेगवेगळे बोलत, आणि उपग्रहावरून ते पडताळून पाहण्याची सोय तेव्हा कुणाकडेच नव्हती.

महाराष्ट्र-कर्नाटकात दुष्काळ पडला त्याच १९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला. १९७४ साली हैदराबादला राष्ट्रीय सुदूर संवेदन (उपग्रहावरून पाहणी) संस्था उभी राहिली. १७ मार्च १९८८ रोजी आयआरएस-१ए बायकोनूरहून सुटला आणि भारताची स्वतःची चित्रे येऊ लागली. त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ३६ मीटरचा, आणि तीच जागा पुन्हा दिसायला २२ दिवस. राज्यांनीही आपापली केंद्रे काढली, कर्नाटकाने बंगळुरात, महाराष्ट्राने नागपुरात. माझ्या मते इथेच जुनी चूक नव्या यंत्रावर चढली. उपग्रहाला सीमा दिसत नाही, पण त्याच्या चित्रावर काम करणाऱ्या दोन संस्था ते सीमेवर कापून घेतात, आणि घटप्रभेचे डोके एका संगणकात राहते, धड दुसऱ्यात.

या चित्रांचा मोठा उपयोग झाला तो भूजलासाठी. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम-उत्तरेला काळा बेसाल्ट, गोकाकच्या बाजूला कलादगीचा वालुकाश्म आणि क्वार्टझाइट. अखंड बेसाल्टात पाणी साठत नाही. ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत असते. जमिनीवरून न जाणवणारी भेग वरून सरळ रेषेसारखी दिसते, कारण तिच्यावर झाडी जरा हिरवी असते किंवा ओढा एकाएकी वळतो. त्यावरून भूजल संभाव्यतेचे नकाशे झाले. तरी बोअर मारणारा आजही आधी नारळ हातात घेऊन फिरणाऱ्या पाणाड्यालाच बोलावतो, हे मान्य करायला हवे.

कालव्याखालच्या शेतीचीही गोष्ट उघड झाली. पाणी जवळचे अवरक्त किरण शोषून घेते म्हणून चित्रात काळे दिसते. हिरवे पीक ते परतवते, आणि चित्रात त्या किरणांना लाल रंग देतात, म्हणून पीक लाल. कमी पाण्याच्या पिकांसाठी आखलेल्या लाभक्षेत्रात ऊस किती पसरला, हे त्या लाल रंगावरून कळते. अतिपाण्याने पांढरी पडलेली चोपण जमीनही लपत नाही. तलाठ्याच्या पीकपाहणीत हे येतेच असे नव्हते.

पूर मात्र बराच काळ सुटत होता. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये वर ढग, आणि साध्या कॅमेऱ्याला ढगापलीकडचे दिसत नाही. भारताच्या २०१२ च्या रिसॅट-१ उपग्रहावर रडार होते, २०१४ पासूनच्या युरोपच्या सेंटिनेल-१ वरही ते आहे. ते ढगांतून आरपार पाहते आणि सपाट पाणी त्यात काळे उमटते. त्यामुळे २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर पसरले हे पाऊस चालू असतानाच नकाशावर आणता आले. २००५ साली भारताचा स्वतःचा रडार उपग्रह नव्हता. वादही नकाशावर आला. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या फुगवट्याने सांगली बुडते का, हा प्रश्न महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने तपासला आणि आलमट्टीला जबाबदार धरले नाही. सांगलीत ते सगळ्यांना पटलेले नाही. चित्र पाण्याचा पसारा दाखवते, कोणत्या दारातून किती क्युसेक कधी सोडले ते नाही. त्या नोंदी धरणावर ठेवल्या जातात.

बेळगाव शहराला लागून वेगळीच अडचण आहे. बळ्ळारी नाला तुंबला की शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातले भात पाण्याखाली जाते. मोफत मिळणाऱ्या सेंटिनेल-२ च्या चित्रात एक ठिपका दहा मीटरचा. अतिक्रमणाने अरुंद झालेला नाला त्यात धड दिसतच नाही. तिथे ड्रोन उडवावा लागतो, आणि नाल्याची मूळ रुंदी ठरवायची तर विंगेटच्या पद्धतीने आखलेला गावनकाशाच काढावा लागतो.