दंतधावन (घरगुती)

दात आणि हिरड्यांवर साचणारा जिवाणूंचा चिकट थर रोज घरच्या घरी काढून टाकण्याची क्रिया. बोलीभाषेत तिला ‘दात घासणे’ म्हणतात. त्या शब्दामुळे भांड्यासारखे जोर लावून घासायचे, असा समज रुजला आहे. प्रत्यक्षात हा थर मऊ असतो आणि हलक्या हाताने निघतो. मात्र नुसती चूळ भरून तो जात नाही. तो मुख्यतः साचतो दात हिरडीला टेकतो त्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत, म्हणजे नेमका जिथे घाईचा ब्रश पोहोचत नाही तिथे.

डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात साफ करणे थांबवले. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांची सुरुवातीची सूज घरीच बरी होऊ शकते, ती यामुळेच.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा असावा. अमेरिकी वैद्य चार्ल्स बास यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत अशी: केसांची टोके हिरडीच्या दिशेने ४५ अंशांत तिरपी ठेवायची, काही दातावर व काही हिरडीच्या कडेवर. ब्रश जागेवरच थरथरल्यासारखा दहा-पंधरा वेळा हलवायचा, मग दाताच्या टोकाकडे ओढून घ्यायचा. दोन-तीन दात झाले की पुढे सरकायचे. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा. शेवटच्या दाढेसाठी तोंड अर्धवट मिटावे; गाल सैल पडून मागे जागा होते. खालच्या पुढच्या दातांच्या आतली बाजू हमखास राहून जाते. लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडत असल्याने लाळेतील कॅल्शियम थरात बसते आणि सर्वांत आधी कीटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर, तिथेच धरते.

एकूण वेळ दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. त्यातली रात्रीची खेप अजिबात चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण घटते. फ्लोराइडयुक्त पेस्ट मोठ्यांना व सहा वर्षांवरील मुलांना वाटाण्याएवढी पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलांनाही तेवढीच. त्याहून लहान मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी. फेस थुंकून टाकावा, पण लगेच खळखळून चूळ भरू नये. फ्लोराइड धुऊन जाते. लिंबू सरबत, कोकम किंवा चिंचेचे काही घेतल्यावर अर्धा तास थांबावे, आम्लाने दाताचे कवच तेवढा वेळ मऊ झालेले असते. केस फिसकटले की ब्रश बदलावा, एरवी तीन-चार महिन्यांनी.

फटींसाठी फ्लॉस (फटी साफ करायचा बारीक दोरा) सुमारे ४५ सेंमी घेऊन मधल्या बोटांना गुंडाळतात. तो झटक्याने आत घालू नये, हिरडी कापते. करवतीसारखा हळू सरकवत उतरवून आधी एका दाताला, मग शेजारच्याला कवळून खाली-वर करावा. फटी मोठ्या असतील तर बारीक गोल ब्रश अधिक चांगला.

कडुनिंब, बाभूळ, करंज यांच्या काडीचे दातवण ही जुनी पद्धत आहे. चावून कुंचला केलेली काडी बाहेरची बाजू बरी साफ करते. आतली बाजू आणि फटी मात्र राहतात. राखुंडी, कोळशाची पूड किंवा खरखरीत मीठ बोटाने रगडल्यास दाताच्या मुळाशी खाचा पडतात आणि थंड पाण्याने दात शिवशिवतात. मशेरीला दातांची पूड समजणे तर घातकच. ती तव्यावर भाजलेली तंबाखूच असते. तिची सवय लागते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

ब्रशला रक्त दिसले की बरेच जण ती जागा टाळतात, त्यामुळे थर वाढून सूज आणखी वाढते. तिथे मऊपणे, पण नेमाने साफ करत राहावे. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्याला दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांनी तेवढेही थांबू नये. कडक झालेले कीटण ब्रशने निघत नाही. ते काढल्यावर दात सैल होतात, अशी भीती सर्रास ऐकू येते. खरे तर आतल्या हाडाची झीज आधीच झालेली असते आणि कीटणाचा आधार गेल्यावर ती जाणवते.