कावळ्याची वही

माझी भाची मालवणला नववीत आहे. तिच्या एका छोट्या वहीत दर महिन्याला पाळी आली की एक कावळा काढलेला असतो. पोटात कळा आल्या तर त्याचे पंख लोंबतात, चिडचिड झाली तर डोक्यावर वीज कडाडते. खाली दोनच आकडे: तारीख, आणि मागच्या कावळ्यापासून किती दिवस झाले. जुलैच्या पानावर लिहिलंय, "२७ दिवस. कावळो येळेआधी हजर. वर्गात इतको वक्तशीर कोण नाय."

तिच्या आजीला वही आवडली, कावळा आवडला नाही. "तो शब्द आमी घालवलो, तू परत कित्याक हाडतंस?"

आजीचा प्रश्न साधा नाही. मराठीत पाळीसाठी दोन कुळांतले शब्द आहेत. एक कूळ मोजण्याचं: पाळी, महिना, ऋतू, आताची 'डेट'. दुसरं लांब सारण्याचं: विटाळ, बाहेरची, अडचण, 'शिवू नको'. 'कावळा शिवला' हा शब्द दुसऱ्या कुळात वाढला. आई मागच्या पडवीत घोंगडीवर का बसलीय, तिच्या कुशीत का शिरायचं नाही, हे चार वर्षांच्या पोराला सांगणार कसं? मग सगळं कावळ्यावर ढकललं जाई. पोर बिचारं आभाळाकडे बघत बसे.

गुंता आहे तो 'शिवणे' या क्रियापदात. दहाव्याला हाच कावळा पिंडाला शिवावा म्हणून घरदार हात जोडून उभं राहतं. शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा काय राहिली याचा काथ्याकूट होतो, धाकट्याचं लग्न करून देऊ म्हणून शब्द दिले जातात. तिथे कावळ्याचा स्पर्श म्हणजे सुटका. बाईला शिवला की मात्र तीन दिवस तिचा तांब्या वेगळा. पक्षी तोच, चोच तीच. शिवणेचा दुसरा अर्थ कापड शिवण्याचा. भाचीने लहानपणी विचारलं होतं, "कावळो काय शिवता, झगो?" घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. आणि कावळा ओरडला की पाहुणा येणार, हे तर कोकणात प्रत्येक घराला ठाऊक. भाची पाळीच्या आधी कंबर दुखायला लागली की वहीत लिहिते, "कावळो वराडता हा." पाहुणा दोन दिवसांत येतो. पाळीआधीच्या लक्षणांची इतकी नेमकी नोंद मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी भाचीच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. ज्या शब्दाने बाईला पडवीत बसवलं, त्याच शब्दाला पोरीने कामाला लावलं. पण आजी त्या पडवीत खरोखर बसलेली आहे. हसण्याआधी तिचं ऐकायला हवं.

बाहेर बसणं ही एका अर्थी नोंदच होती, फक्त वही बाईच्या हातात नव्हती. ती चौथ्या दिवशी न्हाली हे शेजारच्या वाडीलाही कळे. सुनेची तारीख सासू ध्यानात ठेवी आणि चार दिवस उलटले की भुवई वर जाई. जिथे भातलावणीला हात कमी पडत, तिथे बसून भागत नसे. चूल आणि देव तेवढे वर्ज्य, चिखलात मात्र सगळ्यांबरोबर वाकायचं.

लाज आजच्याइतकी चोरटी मात्र नेहमी नव्हती. लग्न आधी आणि न्हाण, म्हणजे पहिली पाळी, नंतर अशी रीत होती, तेव्हा मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गाणी म्हणत, थट्टा करत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीच्या वयाची मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली, तेव्हा विरोधकांचा मोठा आक्षेप पहिल्या न्हाणानंतरच्या गर्भाधान संस्काराला बाध येतो हाच होता. म्हणजे पोरीच्या न्हाणावर पुरुष भर सभेत आणि वर्तमानपत्रात भांडत होते. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ झालं, पुढे शाळा आल्या, लग्नं लांबली आणि न्हाण माहेरीच येऊ लागलं. लग्नाआधीचं न्हाण मिरवणार कसं? मखर गेलं, बाहेर बसणं राहिलं.

मोजणं कधीच थांबलं नव्हतं. आजीच्या पिढीने तिथीवर मोजलं. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे ज्यांचं चक्र तेवढ्याच्या आसपास, त्यांची पाळी महिनोन् महिने एकाच तिथीच्या आगेमागे राही. इंग्रजी तारखेवर तेच चक्र सरकत जातं आणि 'माझं काही खरं नाही' असं उगीच वाटतं. घोव म्हणजे नवरा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला घरी. तो परत गेल्यावर पाळी चुकली की हिशेब त्या सणापासून. दवाखान्यात शेवटच्या पाळीची तारीख विचारतात, कारण तिच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढतात. "नारळी पुनवेच्या दोन दिस आदी" हे उत्तर त्यासाठी पुरेसं असे.

मग भिंतीवर कालनिर्णय आलं. १९७३ साली ते काढणारे गृहस्थ मूळचे मालवणचेच. दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख आणि त्यांच्या गर्दीत एक बारीक फुली. माझ्या मावशीच्या फुल्या काकांनी एकदा दुधाचे खाडे समजून चार दिवसांचे पैसे कापले. दूधवाला स्वतःची वही घेऊन दारात उभा. मावशीला खरं सांगता येईना, खोटं बोलवेना. शेवटी तिने पदरचे पैसे दिले आणि पुढच्या महिन्यापासून फुलीऐवजी तांदळाएवढा ठिपका काढू लागली.

गणपती जवळ आले की हे ठिपके भराभर मोजले जातात. पाळी पुढे ढकलणारी गोळी अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते. तारीखच माहीत नसेल तर गोळी कधी घेणार? ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते, पण मखरापुढे उभं राहता यावं म्हणून शेजारणीच्या पाकिटातून घेणाऱ्या मी पाहिल्यात. दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी. पाळीतल्या शिवाशिवीचा दोष फिटावा म्हणून उपास, आणि बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी. भाजीची चव मला आजही प्रिय आहे, दोषाची गोष्ट मी सांगत नाही.

अलीकडच्या वर्षांत चर्चा झाली ती पॅडची. २०११ ची केंद्राची योजना, २०१८ मध्ये जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत ८ पॅड, त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा १२ टक्के जीएसटी रद्द. हे हवंच होतं. पण सगळा भर टिपून घेण्यावर राहिला, टिपून ठेवण्यावर आलाच नाही. मोठ्या बाईचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असू शकतं. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीचं ४५ पर्यंत लांबलं तरी घाबरायचं कारण नसतं. मात्र तीन महिने पाळी आलीच नाही, किंवा आठवडा उलटला तरी रक्त थांबेना, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. हे कळायला मागचे आकडे लागतात. फोनमधली ॲप ते मोजतात खरी, पण आमच्याकडे फोन भावाच्या नाहीतर बापाच्या हातात असतो. वही दप्तरात राहते.

आजीने अजून कावळा मान्य केलेला नाही. यंदा ऋषीच्या भाजीचा अळू चिरताना ती म्हणाली, "काढूचो तर कोंबो काढ, तो पण येळार आरवता." सप्टेंबरच्या पानावर कोंबडा आहे. तुरा लाल पेनने रंगवलेला, खाली लिहिलंय: २९ दिवस.