टायरमधील हवेचा दाब सांगणारे सेन्सर किती अचूक? : पार्श्वभूमी

डॅशबोर्डवर टायरमधील हवेचा दाब ३१ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दिसतो आणि त्याच टायरला हातातले गेज लावले की काटा ३३वर जाऊन थांबतो, हा अनुभव अनेक वाहनधारकांना येतो. यातला खरा आकडा कोणता, हा प्रश्न रास्त आहे. मात्र सेन्सरचे माहितीपत्रक वाचून त्याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी ही यंत्रणा सक्तीची झाली ती दाब धोक्याच्या पातळीखाली गेल्यावर चालकाला सावध करण्यासाठी, आणि ती पातळी नेमकी कुठे मानायची हे ठरवण्यात अभियंत्यांइतकाच नियामकांचा आणि न्यायालयाचाही हात होता.

सुरुवात वेगवान आणि महागड्या मोटारींपासून झाली. १९८६ साली पोर्शेच्या ९५९ या मोटारीत बसवलेली यंत्रणा ही प्रवासी मोटारीतील पहिली मानली जाते. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाऊ शकणाऱ्या वाहनात टायरची थोडी हवा कमी असणेही जिवावर बेतू शकते, हे त्यामागचे उघड कारण होते. पुढे रन-फ्लॅट टायर आले. हवा पूर्ण गेली तरी त्यांची बाजू गाडीचे वजन पेलून धरते, त्यामुळे टायर बसल्याचे चालकाला कळतच नाही. म्हणूनच १९९७च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये रन-फ्लॅट टायरच्या जोडीला दाबाची सूचना देणारी यंत्रणाही आली. सहस्रक बदलताना रेनोच्या लागुनासारख्या सर्वसाधारण कुटुंबाच्या मोटारीतही ती दिसू लागली, परंतु तोवर ती ऐच्छिक सोय होती.

सक्तीकडे नेणारी घटना अमेरिकेत घडली. ऑगस्ट २०००मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातील अनेक टायर फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला बसवलेले होते, आणि वेगात असताना टायरचा वरचा नक्षीचा थर सुटून गाड्या उलटल्याने अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने रबर व पोलादी पट्टे यांची पकड ढिली पडत जाते. एक्सप्लोररसाठी फोर्डने २६ पीएसआय दाब सुचवला होता, तर फायरस्टोनने पुढे ३० पीएसआयचा आग्रह धरला. दोष टायरच्या बांधणीचा की गाडीच्या रचनेचा, यावर दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवले. १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ‘ट्रेड’ (TREAD) या वाहनसुरक्षेच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि नव्या मोटारींत दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा बसवण्याचा नियम करणे वाहतूक सुरक्षा प्रशासनाला बंधनकारक झाले.

अचूकतेची खरी लढाई इथे सुरू झाली, आणि या साऱ्या इतिहासातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यंत्रणांचे दोन प्रकार उपलब्ध होते. एकात प्रत्येक चाकात सेन्सर बसवून दाब थेट मोजला जातो. दुसऱ्यात एबीएससाठी (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आधीच असलेल्या वेगमापकांवर काम भागवले जाते: हवा कमी झालेल्या चाकाची फिरती त्रिज्या किंचित घटते, ते इतरांपेक्षा थोडे जास्त फिरते आणि संगणक तेवढा फरक ओळखतो. हा दुसरा मार्ग स्वस्त होता, पण तो तुलनेवर उभा असल्याने चारही टायरमधील हवा सारखीच उतरली तर सुरुवातीच्या यंत्रणांना काहीच कळत नसे. चारही टायरची हवा हळूहळू एकसारखी उतरणे ही तर दुर्लक्ष झालेल्या गाडीची नेहमीची अवस्था आहे. तरीही २००२च्या नियमाने कंपन्यांना पर्याय दिला: एक ते चार कितीही टायरमध्ये २५ टक्के घट ओळखणारी यंत्रणा बसवा, किंवा एकाच टायरमधील ३० टक्के घट ओळखणारी. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या. २००३ साली अपील न्यायालयाने हा नियम रद्द ठरवला आणि एप्रिल २००५मध्ये नवा नियम आला. त्यानुसार कोणत्याही एका किंवा चारही टायरमधील दाब कंपनीने थंड टायरसाठी सुचवलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेल्यास २० मिनिटांच्या चालवण्यात दिवा लागणे आवश्यक झाले, आणि सप्टेंबर २००७पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना ही अट लागू झाली.

घोड्याच्या नालेसारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला तो पिवळा दिवा म्हणजे नेमके काय, हे या आकड्यांतूनच समजते. सुचवलेला दाब ३२ पीएसआय असेल तर नियमाप्रमाणे २४पर्यंत दिवा न लागणेही चालते. एक्सप्लोररच्या जुन्या २६ पीएसआयला हेच गणित लावले तर आकडा साडेएकोणीस येतो. इतक्या कमी दाबावर टायर पूर्ण भार पेलू शकेलच असे नाही, ही टायर उत्पादकांची हरकत होती आणि ती गैरवाजवी नव्हती. शिवाय दाबाचा आकडा पडद्यावर दाखवण्याची सक्ती या नियमात नाही. ज्या गाडीत तो दिसतो तिथे ती कंपनीने दिलेली जादा सोय आहे.

युरोपचे निकष याहून काटेकोर ठरले. तिथे सुरक्षेबरोबर इंधन बचत आणि कार्बन उत्सर्जन हेही हेतू होते. नोव्हेंबर २०१२पासून प्रवासी मोटारींच्या नव्या प्रकारांना आणि नोव्हेंबर २०१४पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना यंत्रणा अनिवार्य झाली. एका टायरमध्ये २० टक्के घट झाल्यास १० मिनिटांत आणि चारही टायर हळूहळू उतरत असल्यास ६० मिनिटांत सूचना मिळाली पाहिजे, असे ठरले. तोपर्यंत वेगमापकांवर चालणाऱ्या यंत्रणा चाकाच्या कंपनांचेही विश्लेषण करू लागल्या होत्या, त्यामुळे त्या या परीक्षेत उतरू शकल्या. मात्र हवा भरल्यावर चालकाने बटण दाबून यंत्रणेला नवी पातळी शिकवावी लागते, आणि टायर आधीच उतरलेला असताना बटण दाबले तर यंत्रणा तीच चुकीची पातळी खरी धरून चालते.

थेट मोजणाऱ्या सेन्सरची चूक साधारणपणे एक-दीड पीएसआयच्या आत असते, म्हणजे सावध करण्याच्या कामासाठी तो पुरेसा अचूक आहे. डॅशबोर्ड आणि गेज यांच्यात दिसणारा फरक बहुधा इतर कारणांनी वाढतो. चाकातील सेन्सर निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला दाब मोजतो, तर गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेतला दाब दाखवते. समुद्रसपाटीचा वातावरणीय दाब गृहीत धरून वजाबाकी करणारी गाडी १५०० मीटर उंचीवर नेली, तर डॅशबोर्डवरचा आकडा खऱ्या दाबापेक्षा सुमारे अडीच पीएसआय कमी दिसेल. काही गाड्या ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. तापमानात १० अंश सेल्सिअसचा फरक पडला की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो, म्हणून गाडी चालवून आल्यावरचा आणि सकाळचा आकडा जुळत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी उभ्या गाडीतील सेन्सर जवळजवळ झोपलेला असतो, त्यामुळे गाडी सुरू करताच दिसणारा आकडा अनेकदा आधीच्या फेरीचा असतो. आणि हवा भरण्याच्या ठिकाणचे गेज वर्षानुवर्षे आपटून-धोपटून वापरलेले असते. मतभेद झाला की चूक सेन्सरचीच, हे गृहीत धरणे योग्य नाही.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनानुसार, या यंत्रणेमुळे टायरची हवा २५ टक्के किंवा त्याहून अधिक कमी राहण्याचे प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांनी घटले. पहिल्या पिढीच्या त्या सेन्सरमधील लिथियम बॅटऱ्या मात्र साधारण पाच ते दहा वर्षेच टिकतात आणि बहुतेक सेन्सरमध्ये बॅटरी बदलता येत नाही, संपूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. २००५च्या नियमाने यंत्रणेतील बिघाडाचीही वेगळी सूचना देणे बंधनकारक केले. त्यासाठी अनेक गाड्यांत तोच पिवळा दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि मग स्थिर होतो; अशा वेळी टायरला गेज लावूनच हवा तपासावी लागते.