खोलीचे अपग्रेड (हॉटेल लॉयल्टी कार्यक्रम)

हॉटेल साखळीच्या लॉयल्टी कार्यक्रमाच्या (वारंवार येणाऱ्या पाहुण्यांना गुण आणि लाभ देणाऱ्या योजनेच्या) सभासदाला, त्याने बुक केलेल्या खोलीपेक्षा वरच्या श्रेणीची खोली जादा भाडे न घेता देण्याची पद्धत. ‘वरची’ म्हणजे कधी फक्त वरच्या मजल्यावरची किंवा कोपऱ्यातली, कधी समुद्राकडे तोंड असलेली, कधी क्लब फ्लोअरवरची (खास लाउंजची सोय असलेल्या मजल्यावरची), तर कधी बैठकीची वेगळी खोली असलेला सुइट. (या शब्दाचे मराठीत सुइट, स्वीट, सूट असे अनेक अवतार दिसतात. सूट म्हटले की भाड्यातली सवलत आठवते, म्हणून येथे ‘सुइट’ ठेवले आहे.) बहुतेक कार्यक्रमांच्या नियमांत हे अपग्रेड ‘उपलब्धतेनुसार’ असते. उपलब्धता ठरवण्याचा अधिकार हॉटेलकडे असल्याने सगळे वाद याच एका शब्दाभोवती होतात.

लॉयल्टी कार्यक्रमाची कल्पना विमान कंपन्यांकडून आली. अमेरिकन एअरलाइन्सचा अ‍ॅडव्हांटेज कार्यक्रम १९८१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल साखळ्यांनी, तर १९८७ मध्ये हिल्टनने आपापले कार्यक्रम काढले. सुरुवातीला भर फुकट रात्रींवर होता. वरच्या दर्जाच्या सभासदाला सुइट मिळण्याची सवय मुख्यतः १९९९ मध्ये सुरू झालेल्या स्टारवुड प्रिफर्ड गेस्ट या कार्यक्रमाने लावली. मॅरियटने २०१६ मध्ये स्टारवुड विकत घेतली आणि २०१९ पासून एकत्रित कार्यक्रमाला ‘बॉनव्हॉय’ हे नाव मिळाले. हयातचा सध्याचा ‘वर्ल्ड ऑफ हयात’ हा कार्यक्रम मार्च २०१७ पासूनचा आहे.

दर्जा आणि हक्क

सभासदत्व फुकट असते, पण नुसत्या सभासदत्वाने अपग्रेड मिळत नाही. त्यासाठी दर्जा लागतो आणि तो कॅलेंडर वर्षातल्या रात्रींवर ठरतो. बॉनव्हॉयमध्ये १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम आणि ७५ ला टायटेनियम. अँबॅसडरसाठी १०० रात्री आणि शिवाय वर्षाला २३,००० डॉलर खर्च. सिल्व्हरला खोलीचे अपग्रेड नाहीच. गोल्डला चांगली खोली मिळू शकते, पण सुइट नाही. निवडक सुइटचा दरवाजा प्लॅटिनमपासून उघडतो. हयातमध्ये १० रात्रींच्या डिस्कव्हरिस्टला बुक केलेल्या प्रकारातलीच बरी खोली, ३० च्या एक्सप्लोरिस्टला सुइट आणि क्लब सोडून उत्तम खोली, आणि ६० रात्रींच्या ग्लोबलिस्टला ‘स्टँडर्ड सुइट’पर्यंत काहीही. हिल्टनचा गोल्ड एक्झिक्युटिव्ह मजल्यापर्यंत जाऊ शकतो, तर डायमंड एका बेडरूमच्या सुइटपर्यंत.

भारतात अनेकांना दर्जा रात्रींनी न मिळता क्रेडिट कार्डाने मिळतो आणि अपेक्षाभंगाची सुरुवात तिथेच होते. एचडीएफसी बँकेच्या मॅरियट बॉनव्हॉय कार्डाने सिल्व्हर दर्जा आणि १० रात्रींची खातेजमा मिळते. सिल्व्हरला खोलीचे अपग्रेड नाही हे कार्डधारकाला बहुधा काउंटरवर कळते. त्या १० रात्रींचा खरा उपयोग असा, की प्लॅटिनमसाठी ५० ऐवजी ४० रात्री प्रत्यक्ष राहाव्या लागतात. अमेरिकन एक्सप्रेसच्या प्लॅटिनम कार्डाने बॉनव्हॉयचा आणि हिल्टनचा गोल्ड मिळतो. सुइटचा हक्क त्यातही नाही.

काउंटरमागचा हिशेब

पाहुणा दुपारी तीनला येतो, पण त्याची खोली बहुतेकदा सकाळीच ठरलेली असते. फ्रंट ऑफिसमधला कोणीतरी त्या दिवशीच्या आगमनांची यादी काढतो, दर्जा पाहतो आणि एकेका नावापुढे खोली ‘ब्लॉक’ करतो. गणित कसे चालते ते एका कल्पित हॉटेलावरून कळेल. समजा, हॉटेलात १८० खोल्या आहेत: १२० साध्या, ४५ क्लब आणि १५ सुइट. त्या रात्रीसाठी साध्या खोल्या १३० विकल्या आहेत, क्लब ३० आणि सुइट ६. साध्या प्रकारात १० खोल्या कमी पडतात, पण ही चूक नसते. स्वस्त प्रकार जास्त विकायचा आणि वरच्या प्रकारातल्या रिकाम्या जागांनी ती भर काढायची, हे ठरवूनच केलेले असते. म्हणजे १० जणांना वर ढकलणे हॉटेलचीच गरज आहे. मोकळ्या ९ सुइटपैकी २ दुरुस्तीसाठी बंद, २ ऐनवेळी येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी राखलेले, म्हणून हातात उरतात ५. दर्जा असलेले २२ सभासद येणार आहेत आणि त्यांपैकी ८ जणांना सुइटचा हक्क आहे. पाचांना सुइट मिळतात. उरलेल्या १७ जणांसाठी १५ क्लब खोल्या आहेत, म्हणजे दोघे बुक केलेल्या खोलीतच राहतात. सुइटविना राहिलेले तिघे अ‍ॅपवर पाहतात तर सुइट अजून विक्रीला दिसतो. तो राखलेल्या दोनांपैकी असतो. हॉटेल खोटे बोलत नसते, पण सगळे सांगतही नसते.

राखून ठेवण्यामागचे कारण साधे आहे. फुकट रात्रीचे काही पैसे कार्यक्रमाकडून हॉटेलला परत मिळतात, पण काउंटरवर दिलेल्या फुकट अपग्रेडचा भार सहसा हॉटेलच उचलते. साखळीचे नाव लावलेली इमारत बऱ्याचदा वेगळ्या मालकाची असते. सभासदाच्या बिलातला काही टक्के वाटा कार्यक्रमाला देऊन वर सुइटही द्यायचा, हे त्याला रुचतेच असे नाही. जादा साफसफाईचा खर्च किरकोळ असतो. खरा तोटा असा, की आज ज्याला सुइट फुकट मिळाला तो उद्या विकत घेणार नाही. त्यात बऱ्याच हॉटेलांत काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला पैसे घेऊन विकलेल्या अपग्रेडवर कमिशन असते. आगमनाआधीच अपग्रेड विकणाऱ्या यंत्रणाही आल्या आहेत. त्यांतली नॉरवन ही कंपनी ओरॅकलने २०२० मध्ये घेतली, आणि हॉटेलांमध्ये सर्रास दिसणारी ‘ऑपेरा’ ही हॉटेल-व्यवस्थापन प्रणालीही ओरॅकलचीच आहे. आगमनाच्या आठवडाभर आधी ‘रात्रीला इतके भरा आणि सुइट घ्या’ असा मेल येतो तो अशाच यंत्रणेतून. विकून उरेल ते सभासदाला, असा क्रम बहुतेक ठिकाणी आहे.

हिल्टनमध्ये हे काम अंशतः यंत्र करते: आगमनाच्या ७२ तास आधीपासून प्रणाली आपोआप अपग्रेड लावते आणि अ‍ॅपवर कळवते. असा संदेश आला म्हणजे काउंटरवर आणखी काही मिळणार नाही असे नाही, पण हॉटेलच्या लेखी सभासदाचा हिशेब बहुधा चुकता झालेला असतो.

आधी पक्के होणारे अपग्रेड

काउंटरवरच्या नशिबाऐवजी आधी मागता येणारी कुपनेही असतात. त्यांत हयातचे आणि मॅरियटचे यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हयातचे सुइट अपग्रेड अ‍ॅवॉर्ड बुकिंग करतानाच लागते, एक कुपन सलग ७ रात्रींपर्यंत चालते आणि गुणांनी घेतलेल्या फुकट रात्रींवरही लावता येते. अट एकच, हॉटेलात त्या तारखांना ‘स्टँडर्ड सुइट’ विक्रीला हवा. काही हॉटेले इथेच मेख मारतात: चांगल्या सुइटना ‘प्रीमियम’ ठरवून स्टँडर्ड गटात दोन-तीनच ठेवतात. त्यामुळे कुपन लावण्याआधी त्या हॉटेलचा स्टँडर्ड सुइट कोणता आणि तो किती चौरस फुटांचा, हे पाहून घ्यावे. काही ठिकाणी तो नुसता लांबट खोलीत सोफा टाकलेला असतो.

मॅरियटचे नाइटली अपग्रेड अ‍ॅवॉर्ड (पूर्वीचे सुइट नाइट अ‍ॅवॉर्ड) ५० रात्री पूर्ण झाल्यावर वार्षिक पर्यायांतून निवडले तर ५ मिळतात आणि ७५ ला आणखी ५ निवडता येतात. एका रात्रीला एक खर्च होते. विनंती आधी नोंदवायची, उत्तर मात्र आगमनाच्या काही दिवस आधीपासून ते आदल्या दिवशी हॉटेलच्या वेळेप्रमाणे दुपारी २ पर्यंत केव्हाही येऊ शकते. मुक्कामाच्या सगळ्या रात्रींना सुइट मोकळा असेल तरच होकार. नकार आला तर कुपने खात्यात परत येतात. काउंटरवर मिळणारे अपग्रेड त्यानंतरही मागता येते, आणि कुपनाला नकार देणाऱ्या हॉटेलने दुसऱ्या दिवशी तोच सुइट फुकट दिल्याची उदाहरणे नेहमीची आहेत. एक इशारा: कुपनात मिळालेल्या सुइटमध्ये एकच मोठा पलंग असेल, तर दोन पलंगांची पसंती आपोआप सुटते.

कुठे बिनसते

पहिले कारण बुकिंगचा मार्ग. तिऱ्हाईत संकेतस्थळावरून किंवा टूर कंपनीच्या ठोक दराने खोली घेतली तर सहसा रात्री मोजल्या जात नाहीत, गुण मिळत नाहीत आणि दर्जाचे लाभही हॉटेलच्या मर्जीवर जातात. काउंटरवर सभासद क्रमांक सांगून ही गोष्ट दुरुस्त होत नाही. कंपनीच्या करारातल्या दराने केलेले बुकिंग मात्र बहुधा चालते.

दुसरे, खोल्यांची संख्या. तीन खोल्या एकाच क्रमांकावर घेतल्या तरी बॉनव्हॉयमध्ये अपग्रेड फक्त सभासद स्वतः राहतो त्या खोलीचे. आई-वडिलांना सुइट देऊन स्वतः साध्या खोलीत राहण्याचा बेत असेल तर तसे हॉटेलशी आधी बोलावे. नियमात ते बसत नाही, पण माणसे समजून घेतात.

तिसरे, मुक्कामाची लांबी. चार रात्रींपैकी एका रात्री जरी सुइट विकला असेल तरी हॉटेल ‘उपलब्ध नाही’ म्हणू शकते, म्हणून एका रात्रीच्या पाहुण्याला सुइट मिळणे सोपे. काही हॉटेले दोन रात्री सुइट आणि दोन रात्री साधी खोली असे सुचवतात. सामानाची बांधाबांध आणि मधले काही रिकामे तास धरले तर हे क्वचितच परवडते.

चौथे, माणसे. दोन मोठे आणि दोन मुले असतील तर जादा गादी मावणारी खोली आधी शोधली जाते, वरची नंतर. बुकिंगमध्ये मुले लिहिली नसतील तर सकाळी ब्लॉक केलेली खोली दुपारी बदलते, आणि बदललेली सहसा खालची असते.

वेळेचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. सकाळी अकराला पोहोचले तर स्वच्छ असेल ती खोली पुढे केली जाते. अशा वेळी ‘आत्ता नको, तीनपर्यंत थांबतो, वरची मिळाली तर पाहा’ असे सांगणे फायद्याचे. रात्री दहानंतर मोकळे सुइट वाटून संपलेले असू शकतात, किंवा न विकला गेलेला एखादा तसाच पडूनही असतो.

मागणी नेमकी असावी. ‘काही अपग्रेड मिळेल का?’ यावर ‘आज हॉटेल फुल आहे’ हे ठरलेले उत्तर येते. ‘अ‍ॅपवर अमुक प्रकारचा सुइट आज रात्रीसाठी विक्रीला दिसतोय, तो माझ्या दर्जात बसतो का?’ असे विचारले तर कर्मचाऱ्याला स्क्रीन पाहावी लागते. तरी नाहीच म्हणाले तर ड्युटी मॅनेजरला एकदा विचारावे आणि थांबावे. बॉनव्हॉयमध्ये लाउंज किंवा स्वागतभेट न मिळाल्यास बऱ्याच ब्रँडांत भरपाई ठरलेली आहे, अपग्रेडला तशी भरपाई नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यातील वहिवाट

मुंबई आणि पुण्यातली व्यावसायिक वस्तीतली हॉटेले मंगळवार-बुधवारी भरतात आणि शनिवार-रविवारी ओसरतात, गोव्यात उलटे. बांद्रा-कुर्ला संकुलाजवळ रविवारी पोहोचणाऱ्याला किंवा बांबोळी, माजोर्डा भागात सोमवारी उतरणाऱ्याला संधी जास्त. नाताळ ते नववर्ष या काळात गोव्यात अपग्रेडची आशा धरू नये. लग्नसराईत अडचण वेगळी असते: हॉटेल निम्मे रिकामे असले तरी सुइट वधू-वरांच्या घरच्यांसाठी करारातच गेलेले असतात. शिवाय अशा दिवशी मिळालेला ‘पूल व्ह्यू’ म्हणजे हळदीच्या गाण्यांसह पूल व्ह्यू. ‘सी फेसिंग’ आणि ‘सी व्ह्यू’ यांतला फरकही नीट विचारावा. दुसऱ्यात मान वाकडी केल्यावर दिसणारा समुद्र धरलेला असतो. अपग्रेड नाकारता येते, आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी लिफ्टजवळची साधी खोली टोकाच्या सुइटपेक्षा बरी.

आयटीसी मराठासारखी काही हॉटेले बॉनव्हॉयमध्येही आहेत आणि क्लब आयटीसी या आयटीसीच्या स्वतःच्या कार्यक्रमातही. तिथे कोणता क्रमांक लावायचा हे बुकिंग करतानाच ठरवावे, कारण त्याच कार्यक्रमाचा दर्जा अपग्रेडसाठी धरला जातो.

पैसे भरून अपग्रेड घेताना जीएसटीचा टप्पा पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के कर आहे, आणि तो प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर लागतो. ६,८०० रुपयांच्या खोलीवर कर ३४० रुपये. काउंटरवर ‘फक्त दीड हजार’ भरून वरची खोली घेतली आणि ती रक्कम भाड्यात धरली, तर भाडे ८,३०० आणि कर १,४९४. म्हणजे दीड हजाराचे अपग्रेड प्रत्यक्षात २,६५४ रुपयांना पडते. फुकट मिळालेल्या अपग्रेडमध्ये आकारलेले भाडे तेच राहते, त्यामुळे करही ३४० रुपयेच.